खातरजमा : पुढे पाठविण्यापूर्वीचे पथ्य

वैद्यकशास्त्राचा पहिला धडा असा, की रुग्णाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट लक्षपूर्वक ऐकावी, परंतु तपासल्याविना निदान करू नये. रोजच्या संदेशव्यवहारात हा धडा आपण किती सहज विसरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. माझ्या मित्रमंडळीत प्राध्यापक आहेत, अभियंते आहेत, निवृत्त अधिकारी आहेत आणि काही व्यवसायबंधूही आहेत. ही सुविद्य मंडळी दररोज सकाळी जे संदेश पुढे पाठवितात, त्यांतील कित्येक धादांत खोटे असतात. जवाहर चौकात भेटलेल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांपाशी मी हा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "अहो डॉक्टरसाहेब, खरे-खोटे देव जाणे, पण पुढे पाठवायला आपले काय जाते?" काय जाते, कोणाचे जाते, हे पाहणे आवश्यक आहे.

हा प्रकार नवा नाही. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ती पोस्टकार्डे आठवत असतील. हे पत्र अकरा जणांस लिहा. अमक्याने लिहिले त्यास धनलाभ झाला, तमक्याने फाडले त्याच्यावर संकट कोसळले! त्यात निदान अकरा वेळा हाताने लिहिण्याचे श्रम तरी होते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते, ही वार्ता मुख्यतः दूरध्वनीवरून एका दिवसात देशभर आणि परदेशांतही पोहोचली. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखविले, की पृष्ठताणामुळे चमच्यातील दूध ओढले जाते आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळते. त्यानंतर ई-मेल आले, मग व्हॉट्सअ‍ॅप आले. श्रम उरले नाहीत आणि वेगाला सीमा राहिली नाही. 'उचलली जीभ, लावली टाळ्याला' ही म्हण आता 'उचलले बोट, लावले बटणाला' अशी म्हणावी लागेल.

वैद्यकीय अफवांतील सर्वांत चिवट उदाहरण खोकल्याचे आहे. १९९९ च्या सुमारास एक ई-मेल जगभर फिरू लागले. त्याचा आशय असा, की एकटे मोटार चालवीत असताना छातीत कळ आली, तर दीर्घ श्वास घेऊन जोरजोराने खोकत राहावे. त्यामुळे हृदय चालू राहते व रुग्णालयापर्यंत पोहोचता येते. सोबत अमेरिकेतील रॉचेस्टर जनरल हॉस्पिटलचे नाव होते. वस्तुतः त्या रुग्णालयाचा या सल्ल्याशी काहीही संबंध नव्हता. हृदयरुग्णांसाठी काम करणाऱ्या मेंडेड हार्ट्स या संस्थेच्या एका वार्तापत्रात तो मजकूर छापला गेला आणि त्याला छापील शब्दाचे वजन आले. संस्थेने नंतर खुलासा केला. परंतु खुलासा पायी चालतो आणि अफवा विमानाने जाते.

या असत्यात सत्याचा एक कण आहे, म्हणूनच ते मरत नाही. १९७६ साली क्रायली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात नोंदविले, की अँजिओग्राफी चालू असताना व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन झालेले काही रुग्ण सतत खोकल्यामुळे सुमारे अर्धा मिनिट शुद्धीवर राहिले. पण ते रुग्ण तपासणीच्या टेबलावर होते, ईसीजी डोळ्यांसमोर होता आणि डीफिब्रिलेटर हाताशी होता. अमेरिकन हार्ट असोसिएशनने रुग्णालयाबाहेर या उपायाचा पुरस्कार केलेला नाही. शिवाय या संदेशात दोन भिन्न अवस्थांची गल्लत आहे. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनी तुंबते, पण हृदय बहुधा धडधडत असते. खोकल्याने ती वाहिनी मोकळी होत नाही. हृदयक्रियाच बंद पडली, तर काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि खोकणार कोण? छातीत कळ आली असता गाडी थांबवून १०८ क्रमांकावर मदत मागणे आणि शक्य तितक्या लवकर ईसीजी होणे, हाच मार्ग आहे. खोकण्यात गेलेली दहा मिनिटे म्हणजे हृदयाच्या स्नायूची दहा मिनिटे होत.

२०१७ साली दुसरा संदेश आला : 'पी-५००' असे लिहिलेल्या पांढऱ्या, चकचकीत पॅरासिटामॉलच्या गोळ्यांत माचुपो नावाचा विषाणू आहे, त्या घेऊ नका! माचुपो विषाणू दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशातला. तो तेथील उंदरांमार्फत पसरतो आणि त्याचा कोरड्या गोळीशी संबंध नाही. सिंगापूरच्या औषध नियंत्रकांनी त्याच वर्षी या वार्तेचे खंडन केले. तरीही ताप आलेल्या लेकराला साधी गोळी द्यावी की नाही, अशी शंका ज्या मातेच्या मनात शिरली, तिला तो खुलासा कोण पाठविणार?

माणसे असे का करतात? बहुतेक वेळा द्वेषाने नव्हे, तर मायेने आणि भीतीने. आपल्या माणसाला सावध करावे, ही भावना चांगलीच आहे. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ट्विटरवरील २००६ ते २०१७ या काळातील सुमारे १,२६,००० वार्तांचा माग काढल्यावर असे आढळले, की खरीपेक्षा खोटी बातमी पुढे पाठविली जाण्याची शक्यता ७० टक्के अधिक असते. हे काम प्रामुख्याने यंत्रे नव्हे, माणसेच करतात. कारण खोटी बातमी नवलाची असते.

आपणा डॉक्टरांची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. महाभारतात अश्वत्थामा मारला गेल्याची वार्ता द्रोणाचार्यांनी ऐकली, तेव्हा ती ऐकीव म्हणून त्यांनी मानली नाही. त्यांनी युधिष्ठिराला विचारले, कारण तो असत्य बोलणार नाही याची त्यांना खात्री होती. त्या खात्रीनेच त्यांचा घात केला. वस्तीतील व्हॉट्सअ‍ॅप समूहात डॉक्टरला हेच युधिष्ठिराचे स्थान आहे. त्याने पाठविलेला मजकूर 'डॉक्टरांनी सांगितले आहे' अशा मुद्रेनिशी पुढच्या शंभर घरांत जातो.

आता 'आपले काय जाते' याचे उत्तर. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागून उपजीविका करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने मारून टाकले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून फिरत होत्या. त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर मुळात कराचीतील जनजागृतीची होती. मूल परत आणून सोडल्याचा तिचा शेवट कापून टाकलेला होता. ज्यांनी ती पुढे पाठविली त्यांच्या हातांना रक्त लागले नाही, इतकेच. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घातली.

भोपाळकरांना माहितीचे मोल मी काय सांगावे? २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू शहरात पसरला. तोंडावर ओले फडके धरावे आणि वायूच्या मार्गातून बाजूला व्हावे, ही दोन वाक्ये वेळेवर पोहोचली असती, तर कित्येक जीव वाचले असते. पुढे १६ डिसेंबरपासून उरलेला वायू संपविण्याचे काम 'ऑपरेशन फेथ' या नावाने झाले. धोका नाही असे शासन सांगत होते, तरी लोक फार मोठ्या संख्येने शहर सोडून गेले. विश्वास एकदा उडाला, की खरी सूचनाही खोटी वाटते. आपण दहा खोटे इशारे पाठविले, तर अकरावा खरा इशारा, मग तो डेंग्यूचा असो वा लसीकरणाचा, कोण वाचणार?

म्हणून रुग्ण तपासतो त्याच क्रमाने संदेशही तपासावा, अशी माझी सूचना आहे.

१. पूर्वेतिहास : मजकूर कोणी, कधी, कोठे लिहिला? 'एका मोठ्या डॉक्टरांनी' हे नाव नव्हे आणि 'काल' ही तारीख नव्हे. संदेशावर अनेक वेळा पाठविल्याची दुहेरी बाणाची खूण असेल, तर तो फार हातांतून आला आहे, एवढे समजावे.

२. लक्षणे : 'ताबडतोब पाठवा', 'माध्यमे हे दाखविणार नाहीत', 'एक जीव वाचेल', ही अफवेची नित्याची लक्षणे होत.

३. तपासणी : ज्या संस्थेचे नाव घेतले आहे, तिच्या अधिकृत संकेतस्थळावर तो मजकूर आहे काय, हे पाहावे. जागतिक आरोग्य संघटना, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि शासकीय दाव्यांसाठी पत्र सूचना कार्यालयाचा तथ्य-तपासणी विभाग यांचा आधार घ्यावा. छायाचित्र जुने आहे की नवे, हेही महाजालावर शोधता येते.

४. परिणाम : हे खोटे निघाले, तर कोणाचे औषध थांबेल, कोणाची बदनामी होईल, कोणावर जमाव धावून जाईल?

यासाठी पाच मिनिटे पुरतात. तेवढा वेळ नसेल, तर न पाठविणे हा निर्धोक उपचार आहे.

मित्रांना हे कसे सांगावे, हा खरा नाजूक प्रश्न. चारचौघांत चूक दाखविली, की माणूस दुखावतो आणि हट्टाला पेटतो. म्हणून मी समूहात वाद घालत नाही. स्वतंत्रपणे लिहितो, "काका, आपण काळजीपोटी पाठविलेत हे जाणतो, मात्र मूळ संस्थेने याचा इन्कार केला आहे, सोबत त्यांचे निवेदन जोडतो. समूहात आपणच कळवावे, ही विनंती." काही मंडळी रागावली, दोघांनी नमस्कारही थांबविला, पण बरीचशी आता पाठविण्यापूर्वी विचारू लागली आहेत.

व्यवसायबंधूंना अखेरची एकच विनंती. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता नियमांनी औषधचिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक लिहिणे बंधनकारक केले, कारण त्या कागदाची जबाबदारी आपली असते. आरोग्यविषयक प्रत्येक संदेश ही सुद्धा एक चिठ्ठीच आहे. फक्त रुग्ण समोर नसतो. ज्या मजकुराखाली आपला नोंदणी क्रमांक लिहिण्याची तयारी असेल, तेवढाच पुढे पाठवावा.