पान्हा, माया आणि संदर्भाचा शोध

मराठवाड्यातील उदगीर, देगलूर, बिलोली या भागांतील विद्यार्थ्यांनी शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी, ही रीत जुनी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. १९५८ साली औरंगाबादला स्वतंत्र विद्यापीठ निघेपर्यंत या विभागातील महाविद्यालयांचा संबंध १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाशी होता. त्या वाटेने गेलेली एखादी मराठी विद्यार्थिनी तेथे मानसशास्त्र शिकते आहे, अशी कल्पना करावी. तिला प्रकल्पासाठी विषय मिळाला आहे, "स्नेहबंध आणि संप्रेरके". आईला मुलाविषयी, जोडीदारांना एकमेकांविषयी जी ओढ वाटते, तिच्यामागे शरीरातील कोणती रासायनिक द्रव्ये आहेत, हे तिला लिहावयाचे आहे. मुदत तीन आठवड्यांची आहे.

विषय रंजक, परंतु संदर्भ मिळता मिळत नाहीत. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत "प्रेमाचे संप्रेरक" या मथळ्याखाली लेखांचा सुकाळ आहे. त्यांतील कोणत्याही विधानाखाली आधार दिलेला नसतो. उलट मूळ शोधनिबंध आहेत, पण ते अवजड इंग्रजीत असतात आणि त्यांतले बरेच दाम मोजल्याशिवाय उघडत नाहीत. शहरातील मराठी ग्रंथसंग्रहालयात आईच्या मायेवर कथा-कवितांचा भरपूर साठा सापडतो. परीक्षकाला मात्र तो चालत नाही. अशा वेळी विद्यार्थी बहुधा पुरवणीतील मजकूर उतरवून काढतो आणि खाली एखाद्या परदेशी विद्यापीठाचे नाव टाकतो. शिक्षकही दमलेले असतात. प्रकल्पास गुण मिळतात आणि एक अपुरे सत्य आणखी एका वहीत जाऊन बसते.

ही अडचण केवळ पुस्तकांच्या तुटवड्याची नाही. पुष्कळदा ती प्रश्न नीट न फोडल्याने उत्पन्न होते. या विषयापुरते बोलावयाचे तर प्रश्न कसा फोडावा, हे मराठी भाषेतला एक शब्दच शिकवितो.

तो शब्द म्हणजे पान्हा. वासराने आचळाला तोंड लावताच गाय पान्हावते. अनोळखी माणूस धारेला बसला तर ती पान्हा चोरते. वासरू दगावले, तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवण्याची युक्ती गोठ्यांतून पूर्वापार चालत आली आहे. दूध कासेत तयार असते, परंतु ते खाली उतरावयास काही निराळेच लागते, हे शेतकऱ्यास शास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधी ठाऊक होते. हे निराळे काही म्हणजे ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक होय. स्पर्शाचा वा नुसत्या दर्शनाचा निरोप मेंदूकडे जातो, मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून हे द्रव्य रक्तात सुटते आणि कासेतील सूक्ष्म स्नायुपेशी आकुंचन पावून दूध पुढे ढकलतात. स्त्रीच्या बाबतीतही हेच घडते. दूध तयार करण्याचे काम मुख्यतः प्रोलॅक्टिन या दुसऱ्या संप्रेरकाचे. पाझर फोडण्याचे काम ऑक्सिटोसिनचे.

मात्र आपली भाषा पान्हा हा शब्द मायेसाठीही वापरते. परक्याच्या मुलाला पाहून पान्हा फुटला, असे आपण सहज म्हणतो. काव्यात हे शोभते. प्रकल्पात मात्र पान्हा आणि माया या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण एकीविषयीचा पुरावा भक्कम आहे आणि दुसरीविषयीचा अद्याप वादात आहे.

पहिलीचा इतिहास सरळ आहे. १९०६ साली इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांना असे आढळले की, पोष ग्रंथीच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते. लवकरच त्याच अर्काने दूध उतरते, हेही दिसून आले. १९५३ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी या संप्रेरकाची रचना निश्चित केली व ते प्रयोगशाळेत तयार केले. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ती साखळी आहे. या कार्याबद्दल त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी आज आरोग्य केंद्रात जे इंजेक्शन देतात, ते हेच.

दुसऱ्या गोष्टीची, म्हणजे मायेची, वाट वळणावळणाची आहे. १९७९ साली अमेरिकेतील पेडरसन आणि प्रांज या संशोधकांनी पिल्ले न झालेल्या मादी उंदरांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडले, तेव्हा त्या परक्या पिल्लांना चाटू लागल्या व त्यांच्यासाठी घरटे करू लागल्या. येथून "मायेचे संप्रेरक" ही कल्पना रुजली. परंतु इतर काही प्रयोगशाळांत हाच परिणाम सहजासहजी मिळाला नाही. उंदरांची जात कोणती, त्यांना पिंजरा नवा आहे की सवयीचा, यावर तो अवलंबून असल्याचे पुढे दिसले. त्यानंतर लक्ष वेधले ते प्रेअरी व्होल या उत्तर अमेरिकेच्या गवताळ भागातील उंदरासारख्या प्राण्याने. त्याचे नर-मादी जोडीने राहतात. डोंगराळ भागातील त्याच्याच भाईबंदाचे राहत नाहीत. १९९२ मध्ये इन्सेल व शापिरो यांनी दाखविले की, या दोन जातींच्या मेंदूंत ऑक्सिटोसिन ज्यांवर जाऊन बसते त्या ग्राहींची मांडणी वेगवेगळी असते. पाठ्यपुस्तकांतून आढळणारी व्होलची गोष्ट येथपर्यंतची आहे.

ती येथे संपत नाही. १९९६ मध्ये जनुकात बदल करून असे उंदीर निर्माण करण्यात आले की, ज्यांच्या शरीरात ऑक्सिटोसिन तयारच होत नाही. या माद्या सुखरूप व्याल्या व पिल्लांची काळजीही घेऊ लागल्या. मात्र त्यांना पान्हा फुटला नाही आणि पिल्ले दुधावाचून मेली. माद्यांना बाहेरून ऑक्सिटोसिन टोचले, तेव्हा दूध उतरले. माया होती, पान्हा नव्हता, असे या प्रयोगाचे सार मराठीत चार शब्दांत सांगता येईल. पुढे २०२३ साली प्रेअरी व्होलमधील ऑक्सिटोसिनचे ग्राही जनुकीय तंत्राने नाहीसे करण्यात आले, तरीही त्या प्राण्यांनी जोड्या बांधल्या. ज्या प्राण्यावर या कल्पनेची सारी भिस्त होती, त्यानेच असा निराळा कौल दिला. याचा अर्थ स्नेहबंधाशी ऑक्सिटोसिनचा संबंध नाही, असा कोणी घेऊ नये. ते एकटे त्याचे कारण नाही, एवढाच अर्थ निघतो.

मनुष्याविषयीचा पुरावा तपासताना विद्यार्थ्याने विशेष सावध असावे. २००५ साली झुरिच येथील संशोधकांनी "नेचर" या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात तरुण पुरुषांना पैशांचा एक खेळ खेळावयास दिला होता. पहिल्याने दुसऱ्यास काही रक्कम द्यावयाची. ती तिप्पट होऊन दुसऱ्यास मिळणार. त्यातले परत किती द्यावयाचे, हे दुसऱ्याच्या मर्जीवर. ज्यांच्या नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारला होता अशा २९ जणांपैकी १३ जणांनी सर्व रक्कम विश्वासाने दिली. नुसत्या औषधरहित फवाऱ्याच्या गटात २९ पैकी सहांनीच. ही बातमी जगभर गेली. विश्वासाचे औषध सापडले, असे मथळे झळकले आणि तेव्हापासून पुरवण्यांतील बहुतेक लेख याच प्रयोगावर उभे आहेत.

संख्या मात्र किती लहान आहे, ते पाहावे. २०२० साली हाच प्रश्न ६७७ पुरुषांवर पुन्हा तपासण्यात आला. प्रयोग कसा करणार व निष्कर्ष कसा काढणार, हे संशोधकांनी आधीच जाहीर केले होते. सर्वांचा एकत्र विचार करता फवाऱ्याने विश्वास वाढतो, असे आढळले नाही. या दुसऱ्या निबंधाच्या लेखकांत अर्न्स्ट फेर हे होते. पहिल्याच्या लेखकांतही तेच होते. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाची अशी फेरतपासणी करणे हे शास्त्रात जितके आवश्यक, तितकेच दुर्मिळ आहे. पण या फेरतपासणीचा मथळा कोणी छापला नाही. २००५ चा निबंध वाचून थांबणारी विद्यार्थिनी खोटे लिहीत नाही. तिचे लिखाण पंधरा वर्षे मागे राहते इतकेच. म्हणून कोणताही निबंध हाती आला की, त्याने कोणाचा आधार घेतला हे जसे पाहावयाचे, तसे पुढे कोणी त्याचा उल्लेख केला हेही पाहावयाचे. संगणकावरील शोधसाधनांत प्रत्येक निबंधाखाली नंतरच्या उल्लेखांची यादी मिळते. ती उघडण्यास पैसे पडत नाहीत. तरी तिच्याकडे फारच थोडे विद्यार्थी वळतात.

आता साधनांविषयी. हैदराबादमध्ये अफझलगंज येथे मुसी नदीकाठी राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८९१ साली स्थापन झालेले आसफिया ग्रंथालय ते हेच. जुनी वृत्तपत्रे आणि अनेक भाषांतील जुने ग्रंथ यांसाठी ते मोलाचे. या विषयाच्या नव्या निबंधांसाठी तेथे खेटे घालण्यात अर्थ नाही. त्यासाठी विद्यापीठाचे ग्रंथालय गाठावे. संशोधन संस्थांच्या ग्रंथालयांत बाहेरच्यास प्रवेशाचे नियम निरनिराळे असतात. विभागप्रमुखांचे पत्र घेऊन जाणे इष्ट. जैववैद्यक निबंधांचा सारांश अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या "पबमेड" या सूचीत कोणालाही विनामूल्य वाचता येतो. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध "शोधगंगा" या भांडारात आहेत. शोध घेताना "प्रेमाचे संप्रेरक" असे लिहू नये. संप्रेरकाचे नाव, प्राण्याचे नाव आणि वर्तनाचे नाव, असे तीन शब्द इंग्रजीत एकत्र द्यावेत. हजारो नोंदींच्या जागी चाळता येण्याजोग्या नोंदी उरतात.

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र शासनाची "एक राष्ट्र, एक सदस्यत्व" योजना सुरू झाली असून, तिच्याद्वारे केंद्र व राज्य शासनांच्या सुमारे ६,३०० संस्थांना तीस प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके खुली करण्यात आली. शासकीय महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे याची चौकशी अवश्य करावी. खाजगी महाविद्यालयांतील विद्यार्थी पहिल्या टप्प्यात या सोयीबाहेर राहिले, ही उणीव लहान म्हणता येणार नाही. त्यांच्यासाठी एक जुना मार्ग आहे. पूर्वी भारतीय अभ्यासक परदेशी लेखकांस पोस्टकार्ड पाठवून निबंधाची छापील प्रत मागवीत आणि ती टपालाने येत असे. आता ई-मेलने दोन ओळी लिहिल्या तर पुष्कळ लेखक आपण होऊन प्रत धाडतात. नुसता सारांशच वाचला असेल, तर प्रकल्पात तसे स्पष्ट लिहावे. ते कमीपणाचे नाही.

परिभाषेसाठी मराठी विश्वकोशातील "हॉर्मोने" आणि "पोष ग्रंथि" या नोंदी प्रथम वाचाव्यात. इंग्रजी निबंधाचे दार त्यामुळे किलकिले होते.

परदेशी उंदरांपेक्षा जवळचा विषय हवा असेल, तर तो हैदराबादेतच आहे. म्हशीने पान्हा चोरू नये म्हणून धारेपूर्वी ऑक्सिटोसिन टोचण्याचा गैरप्रकार देशभर चालतो. जनावराच्या आरोग्यास बाधक ठरेल अशा रीतीने दूध वाढविण्यासाठी काही टोचणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम १२ खाली गुन्हा आहे. असे दूध पिणाऱ्यास अपाय होतो काय, याची तपासणी हैदराबादच्या तार्नाका भागातील राष्ट्रीय पोषण संस्थेने केली. दुधातील ऑक्सिटोसिन पचनक्रियेत आतड्यात नष्ट होते, असे तीत आढळले. म्हणजे इजा होते ती प्रामुख्याने जनावरास. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र शासनाने या औषधाचे देशातील वापरासाठीचे खाजगी उत्पादन बंद करून ते कर्नाटकातील एका सार्वजनिक कंपनीकडे सोपविले. प्रसूत स्त्रियांना हे प्राणरक्षक औषध कमी पडेल, अशी भीती निर्माण झाली. १४ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरविली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले व ऑगस्ट २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आले. उच्च न्यायालयाचे निकालपत्र कोणालाही वाचता येते. शासनाने कोणता पुरावा पुढे ठेवला आणि न्यायालयाने तो का अपुरा मानला, याची चर्चा त्यात सविस्तर आहे. त्यातील अहवालांची नावे टिपून घेतली की, मूळ कागदांपर्यंत पोचण्याचा रस्ता सापडतो. शहराच्या कडेच्या एखाद्या गोठ्यात पहाटे जाऊन पारडू सोडल्यावर म्हैस किती वेळात पान्हावते, याची घड्याळ लावून केलेली नोंदही प्रकल्पास जोडता येईल.