रात्रीची बस की टॅक्सी? : एक व्यावहारिक पाठ



रात्री एक वाजता बुरहानपूर स्टेशनावर उतरलेल्या माणसाला सुमारे २० किलोमीटरवरच्या असीरगडला जायचे आहे. मिळाली तर बस, नाहीतर टॅक्सी. या दोन्हींचे उपयोग आणि मर्यादा आज आपण पाहू.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियम १९८८ प्रमाणे प्रवासी वाहनांचे दोन मुख्य प्रकार आहेत. टप्पा वाहतुकीची बस प्रत्येक प्रवाशाकडून वेगळे भाडे घेते आणि वाटेत प्रवासी चढवते, उतरवते. कंत्राटी वाहन पूर्ण गाडी म्हणून ठरवले जाते. टॅक्सी या प्रकारात येते. म्हणजे बसमध्ये आपण जागा घेतो, टॅक्सीत गाडी घेतो. सारा फरक यातूनच निघतो.

हिशेब करून पाहू

समजा, बसचा खर्च किलोमीटरला ५० रुपये आणि चार सवाऱ्यांच्या टॅक्सीचा १५ रुपये आहे. जाऊन-येऊन ४० किलोमीटर होतात. बसला २००० रुपये लागतील, एका टॅक्सीला ६००. बारा सवाऱ्यांना तीन टॅक्सी, म्हणजे १८०० रुपये. तेरावी सवारी आली की चौथी टॅक्सी हवी, खर्च २४००. म्हणजे तेरा सवाऱ्यांपासून बस स्वस्त पडते. चाळीस असल्या तर प्रत्येकी फक्त ५० रुपये!

पण रात्री एकदम तेरा माणसे एकाच दिशेला क्वचितच निघतात. म्हणून केवळ नफा पाहणारा मालक रात्रीची फेरी चालवत नाही. मध्य प्रदेशाचे राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला. तेव्हापासून आपल्या भागात खाजगी बसवरच अधिक भिस्त आहे. शेजारच्या महाराष्ट्रात एस.टी. १९४८ पासून चालते. तेथे मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच.

दोघांच्या मर्यादा

बस वेळेला बांधलेली असते. गाडी उशिरा आली तर बस निघून जाते. ती सडकेवर सोडते, घरापर्यंत नाही. टॅक्सी दारापर्यंत येते. वृद्ध, लहान मूल किंवा जड सामान असेल तर तिचाच आधार. पण एकट्या माणसाला पूर्ण ६०० रुपये द्यावे लागतात. मजुरी करणाऱ्याला ते जड जातात, म्हणून तो स्टेशनावरच रात्र काढतो. घाटातल्या रस्त्यावर झोपाळलेला चालक हा तर दोन्हीकडचा धोका आहे.

आमचे मत असे की रात्रीची बस फक्त तिकिटाच्या पैशांनी तोलू नये. ज्याच्या खिशात टॅक्सीचे भाडे नाही, त्याच्यासाठी ती एकमेव वाट आहे. सगळ्या फेऱ्या भरणार नाहीत. पण मुख्य गाड्यांच्या वेळेला जोडलेली एखादी फेरी असावी, आणि उरलेल्या वेळेला टॅक्सी.

लक्षात ठेवा

टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे ठरवा, गाडीचा नंबर घरी कळवा. रुग्ण असेल तर बस-टॅक्सीची वाट न पाहता १०८ वर फोन करा. संकटात ११२.

स्वाध्याय

१. टॅक्सीचा खर्च किलोमीटरला २० रुपये धरल्यास किती सवाऱ्यांपासून बस स्वस्त पडेल?
२. आपल्या गावातून जाणारी शेवटची बस किती वाजता आहे? घरच्यांना विचारून लिहा.
३. रात्रीच्या रिकाम्या फेरीचा खर्च कोणी सोसावा? पाच ओळींत मत मांडा.