अंक लावण्यासाठी एक शॉर्टकट

मागच्या अंकात प्रथम वर्षाच्या एका मुलीची कविता राहिली. निवड झाली होती, टाइप झाली होती, मुद्रितशोधनही झालं होतं. मग गेली कुठे? चूक माझीच. कमांड प्रॉम्प्टमध्ये फोल्डरचा पत्ता टाइप करताना मी जुन्या प्रतीच्या फोल्डरमध्ये शिरले आणि तिथलीच पीडीएफ काढून पाठवून दिली. तिची माफी मागितली आणि त्याच आठवड्यात हा शॉर्टकट बनवला. यंदा अंक तुम्ही लावणार, म्हणून कृती लिहून ठेवते.

आपला अंक लाटेकमध्ये लागतो. डोनाल्ड नूथ यांच्या टेक या प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक उभं केलं. त्यातलं झीलाटेक आपण वापरतो, कारण ते युनिकोड देवनागरी थेट वाचतं आणि जोडाक्षरं फॉन्टमधल्या नियमांप्रमाणे जुळवतं. 1616 साली आपल्याच गोव्यात, रायतूरला, फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं ते रोमन लिपीत. आज देवनागरीची अडचण नाही, अडचण आहे ती फक्त बरोबर फोल्डर उघडण्याची!

लाटेक बसवलेलं आहे असं धरून चालते.

1. अंकाचं फोल्डर एकच ठेवा. नाव रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता. जुन्या प्रती दुसरीकडे हलवा.

2. डेस्कटॉपवर मोकळ्या जागी राइट-क्लिक करा, 'न्यू' आणि मग 'शॉर्टकट' निवडा. चौकटीत सीएमडी, टिंब, ईएक्सई असं रोमनमध्ये लिहा. शॉर्टकटला 'अंक' नाव द्या.

3. त्यावर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'स्टार्ट इन'मध्ये जे असेल ते पुसून आपल्या फोल्डरचा पत्ता चिकटवा. तो फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीतून कॉपी करा. हाताने टाइप करू नका, मी तिथेच फसले होते.

4. 'टार्गेट'च्या शेवटी जागा सोडून प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ आणि लगेच के लिहा. परत जागा सोडून झीलाटेक (एक्स-ई-एल-ए-टी-ई-एक्स), मग जागा सोडून मुख्य फाइलचं नाव. 'के'मुळे काम संपल्यावर खिडकी उघडी राहते. 'सी' लिहिलंत तर ती मिटते आणि चूक वाचायलाच मिळत नाही.

5. 'शॉर्टकट की'मध्ये एक अक्षर दाबा आणि ओके करा. पुढे कंट्रोल, ऑल्ट आणि ते अक्षर एकत्र दाबलं की काम सुरू.

शॉर्टकट दोनदा चालवा. पहिल्या फेरीत पानांचे आकडे वेगळ्या फाइलीत लिहिले जातात, दुसऱ्या फेरीत ते अनुक्रमणिकेत येतात. मधेच काम थांबलं तर उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ शोधा. चूक काय ते तिथे असतं, आणि खाली 'एल'पुढे ओळीचा आकडा. एक्स टाइप करून एंटर दाबा, बाहेर पडा, दुरुस्त करा. जुनी पीडीएफ उघडी असेल तर आधी बंद करा, नाहीतर नवीन लिहिली जात नाही.

शेवटचं काम मात्र यंत्राचं नाही. पाठवण्याआधी निवडलेल्या साहित्याची यादी घ्या आणि अनुक्रमणिकेशी एकेक नाव ताडून बघा. शॉर्टकट फोल्डर चुकू देत नाही, पण कुणाची कविता राहिली ते त्याला कळत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं.