अरण्य वाचणारा माणूस : मारुती चितमपल्ली



अरण्यात तग धरण्याची विद्या म्हटली की दूरचित्रवाणीवरील एखादा धाडसी वीर आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. तो कड्यावरून उडी घेतो, हाताने साप धरतो. परंतु ज्यांनी आयुष्याचा मोठा काळ खरोखरच अरण्यात घालविला, त्यांची रीत निराळी होती. मारुती चितमपल्ली यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापूर येथे झाला. कोइंबतूर येथे वनविद्येचे शिक्षण घेऊन त्यांनी सुमारे ३६ वर्षे वनखात्यात सेवा केली. नवेगावबांध, नागझिरा व मेळघाट येथील त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे. पेणहून पनवेलकडे जाताना महामार्गालगत लागणाऱ्या कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या विकासातही त्यांचा वाटा होता. २००६ साली सोलापूरच्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी त्यांचे निधन झाले.

अधिकारी असूनही त्यांनी आदिवासींचे आणि नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणकारांचे शिष्यत्व पत्करले. ऐकलेले व पाहिलेले ते नियमाने टिपून ठेवीत. बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ असे शब्द त्यांनी मराठीला दिले. ज्याला नाव नाही, ते आपल्या नजरेतून सहज निसटते. म्हणून नाव जाणणे ही अरण्यविद्येची पहिली पायरी होय.

ही विद्या आपल्याही परिसरात आहे. पावसाच्या आरंभी पेण-रोह्याच्या बाजारात शेवळे येतात. ती नुसती शिजविली तर घसा खाजतो. म्हणून जाणत्या स्त्रिया त्यांत काकडाची आंबट फळे घालतात. कडू करांदा तसाच खाल्ला तर बाधतो. तो चिरून, राखेच्या पाण्यात उकळून आणि पुनःपुन्हा धुऊनच खाण्याजोगा होतो. रोहा व मुरूड तालुक्यांत पसरलेल्या फणसाड अभयारण्यात पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. हा एक शब्द ठाऊक असलेला वाटसरू उन्हाळ्यात पाण्याचा ठाव विचारू शकतो. खैरापासून कात काढणाऱ्या कातकरी समाजाने असे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत जपले आहे.

येथेच आपल्यापुढे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी वर्षाचे बहुतेक महिने घरापासून दूर असतो. त्याला पुस्तकी विद्या लाभते, आणि ती लाभलीच पाहिजे. पण आजीकडून करांदा ओळखण्याचा हंगाम मात्र हुकतो. आजी गेली की ते ज्ञानही जाते, कारण ते कोठेही लिहिलेले नसते. ज्यांच्या घरी ही विद्या आहे त्यांनाच कधी कधी तिची लाज वाटते. एक वनाधिकारी जे शिकण्यासाठी आयुष्यभर रानोमाळ हिंडला, ते आपल्या अंगणात आहे याचे भान ठेवावे.

म्हणून येत्या सुटीत प्रत्येकाने एक वही करावी. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा रानवनस्पतींची नावे, त्यांचा हंगाम, उपयोग आणि धोका लिहावा. अनोळखी कंद, फळ वा अळंबी मात्र स्वतः चाखून पाहू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये. रुग्णाला शांत ठेवून तातडीने रुग्णालयात न्यावे. लेखणी हाती आलेल्या पिढीने आजीचे शब्द कागदावर उतरविले, तर तिचे शिक्षण तिच्या घरालाही उपयोगी पडले असे म्हणता येईल.