उसना घेतलेला एक

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी जमिनीची वाटणी झाली. आजोबांचे शेत आठ एकर, वाटेकरी तीन: बाबा, काका आणि आत्या. बाबांच्या वाट्याला २ २/३ एकर आले. त्यांनी पूर्वी घेतलेला तुकडा पावणेदोन एकरांचा. दोन्ही मिळून जे होईल त्यातून दीड एकर विकून कर्ज फेडायचे होते. "कॉलेजात गणित शिकतोस ना? उरतंय किती ते सांग," म्हणून बाबांनी कागद पुढे सरकवला.

पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच अशी चौथाईच्या घरातील अपूर्णांकांना आपल्याकडे खास नावे आहेत. जुन्या माणसांना तर पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ. तिसऱ्या हिश्शाला मात्र असे सुटसुटीत नाव नाही. वाटेकरी तीन निघाले की तोंडी हिशेब अडखळतो. तिसरे भाग आणि चौथे भाग एकमेकांत मिळवता येत नाहीत. आधी सगळे तुकडे एका मापाचे करावे लागतात.

३ आणि ४ यांचा लसावि १२. म्हणून २/३ चे झाले ८/१२ आणि ३/४ चे ९/१२. पूर्णांकांची बेरीज ३, अपूर्णांकांची १७/१२. सतरांतल्या बारांचा एक एकर पुरा झाला, म्हणून बेरीज ४ ५/१२.

छेद नुसते गुणूनही समच्छेद करता येतो, पण ६ आणि ४ असे छेद आले की १२ ऐवजी २४ घेऊन उगीच आकडे फुगतात. लसावि घेण्याची रीत महावीराचार्यांनी इ. स. ८५० च्या सुमारास 'गणितसारसंग्रह' या संस्कृत ग्रंथात दिली आहे. लसाविला ते 'निरुद्ध' म्हणतात. ग्रंथारंभी ज्या अमोघवर्ष नृपतुंगाची स्तुती आहे, तो आमच्या कन्नड विभागातील मित्रांना 'कविराजमार्गा'मुळे परिचयाचा आहेच.

आता वजाबाकी. ४ ५/१२ मधून १ ६/१२. पाचांतून सहा जात नाहीत, म्हणून चारातला एक उसना घेतला, पाचाचे पंधरा केले आणि उत्तर लिहिले: २ ९/१२, म्हणजे पावणेतीन एकर.

आजोबा भिंतीला टेकून बसले होते. एकराचे चाळीस गुंठे धरून त्यांनी हिशेब मनातच केला. "दोन एकर छत्तीस गुंठे, वर थोडं. तू दोन एकर तीस म्हणतोस. सहा गुंठे कुठं घातलास रे?"

लहानपणापासून उसना एक म्हणजे दहा, ही सवय! दशकातून उसना घेतला तर तो दहाच असतो. येथे मी एक अख्खा एकर मोडला होता आणि तुकडे बाराव्या भागांचे होते. मग त्याचे बाराच व्हायला हवेत. पाच आणि बारा सतरा. ३ १७/१२ वजा १ ६/१२, बाकी २ ११/१२. बेरजेत ज्या बारांचा मी एकर बांधला, तोच एकर वजाबाकीत सोडायचा होता. एवढे करूनही मला ते दिसले नव्हते.

११/१२ एकर म्हणजे ३६ २/३ गुंठे. आजोबांचे "वर थोडं" ते हेच दोन तृतीयांश. पावणेतीन खोडून मी नवा आकडा लिहिला. बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि कागद वकिलाच्या पिशवीत ठेवला.