फोनने मोजलेले अंतर कोणी तपासायचे?

समजा तुम्ही भंडारा रोड स्टेशनवर बाकावर बसला आहात. (नाव भंडाऱ्याचे, पण स्टेशन आहे वरठीत!) शेजारी एक अनोळखी गृहस्थ आहेत. दोघांच्याही खिशात मोबाइल आहेत. तुमच्यातले अंतर त्या मोबाइलना कसे कळेल?

कोरोनाच्या साथीत, 2 एप्रिल 2020 रोजी, केंद्र सरकारने ‘आरोग्य सेतू’ हे ॲप आणले. त्याच्यापुढे हाच प्रश्न होता. जवळ आलेले दोन फोन ब्लूटूथच्या रेडिओलहरींनी एकमेकांची नोंद ठेवत. लहर जोरकस असेल तर माणूस जवळ, क्षीण असेल तर लांब. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई होते, हा व्यस्त वर्गाचा नियम तुम्हांला ठाऊक आहेच.

पण प्लॅटफॉर्म म्हणजे मोकळी जागा नव्हे. या लहरींची वारंवारता सुमारे 2.4 अब्ज हर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. (प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागून पाहा.) पाणी या लहरी शोषते, आणि आपले शरीर बहुतांशी पाणीच! फोन मागच्या खिशात असला तर जवळचा माणूसही लांब भासतो. उलट, पातळ भिंतीपलीकडचा शेजारी जवळचा ठरू शकतो. अशा कच्च्या अंदाजावरून ‘धोका’ कोणाला आहे हे ठरवायचे काम आज्ञावलीचे, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचे. तीच कुलूपबंद असेल तर तपासणार कोण?

26 मे 2020 रोजी सरकारने ॲपची अँड्रॉइड फोनवरची आज्ञावली ‘मुक्तस्रोत’ केली. कोणीही ती वाचावी, तिच्यात सुधारणा सुचवाव्या. तेव्हा ॲप वापरणारे अकरा कोटींहून अधिक होते. दोष दाखवणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत बक्षीसही ठेवले होते. पाऊल चांगले, पण माझ्या मते अर्धेच. फोन नुसत्या नोंदी ठेवी. एखादा बाधित निघाला की त्या नोंदी सरकारी संगणकाकडे जात आणि पुढचा हिशेब तिथे होई. तो भाग 20 नोव्हेंबरला खुला झाला. प्रयोगवहीत निरीक्षणे दाखवली आणि आकडेमोड झाकून ठेवली, तर सर गुण देतील का?

संपर्क शोधण्याची ती सोय पुढे बंद झाली. तिच्यामागचे भौतिकशास्त्र मात्र शाळेच्या मैदानावर तपासता येते. ब्लूटूथ स्पीकरवर गाणे लावा आणि फोन हातात घेऊन स्पीकरकडे तोंड करून मागे सरका. गाणे तुटू लागेल ते अंतर टेपने मोजा. आता फोन मागच्या खिशात ठेवून हेच पुन्हा करा. नंतर वर्गाच्या भिंतीआडून करून पाहा. तिन्ही अंतरे वहीत लिहा आणि ती वही दुसऱ्या गटाला तपासायला द्या.