टपावरची वीज : कॅम्परला सोलर लावताना खर्च कुठे करावा

टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगरचा कॅम्पर करून मुलाबाळांसह फिरणारी कुटुंबं आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. बॉडीवाल्याकडे गाडी नेली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टपावर किती सोलर बसेल?" खरं तर आधी विचारायला हवं ते हे, की रात्री गाडीत काय काय चालणार आहे? त्याचं उत्तर कागदावर आलं की निम्मा खर्च आपोआप ठरतो आणि दुकानदाराला तुमच्या गळ्यात काही मारायला फारशी जागा उरत नाही.

चौघांच्या कुटुंबाचा हिशोब मांडू. १२ व्होल्टचा ४०-५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला साधारण ५०० वॅट-तास खातो. दोन पंखे रात्रभर चालले तर ४५०. एलईडी दिवे १००, फोन ८०, एक लॅपटॉप १००, पाण्याचा पंप २०. चटणीसाठी दहा मिनिटं मिक्सर चालवला तर आणखी ८५. बेरीज होते सुमारे १,३३५ वॅट-तास, म्हणजे घरच्या मीटरच्या भाषेत एक युनिट आणि एक तृतीयांश. यात इंडक्शन शेगडी नाही, गीझर नाही, एसी तर नाहीच. इंडक्शनवर अर्धा तास पूर्ण आचेवर स्वयंपाक केला तर एकटी शेगडीच एक युनिट संपवते. तेव्हा स्वयंपाक गॅसवर करायचा, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता एवढी वीज येणार कुठून? महाराष्ट्रात घराच्या छतावर नीट कललेलं एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला सरासरी चार युनिटं देतं. गाडीच्या टपावर ते आडवं पडलेलं असतं, खालून पत्रा तापतो आणि धूळही बसते. पॅनल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशामागे अदमासे ०.३५ टक्के वीज कमी होते. एप्रिलच्या दुपारी ते ६५ अंशांवर गेलं तर १४ टक्के तिथेच गेले. म्हणून टपापासून दोन-तीन इंच उंच बसवा, खालून वारा खेळला पाहिजे. एवढं करूनही किलोवॅटमागे सव्वातीन युनिटं धरावीत. म्हणजे आपल्या कुटुंबाला ४०० वॅटची पॅनलं पुरतात. २०० वॅटची दोन घेतली तर १६ ते २० हजार रुपये. घरांवर लावतात ते ५४० वॅटचं मोठं पॅनल दर वॅटला स्वस्त पडतं. पण ते साडेसात फूट लांब, जवळपास पावणेचार फूट रुंद आणि २८ किलोच्या आसपास वजनाचं असतं. टपावर छताचा पंखा आणि हॅच असेल, तर त्याला जागाच उरत नाही.

सावलीचा मुद्दा दुकानात कुणी काढत नाही. गुहागरला किंवा आचऱ्याला माडाच्या बागेत गाडी लावलीत, की एका झावळीची सावली पॅनलवर आडवी पडते. पॅनलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे चार सेल झाकले गेले तरी त्या रांगेतले बाकीचे सेलही कामातून जातात. दोन पॅनलं समांतर जोडली तर निदान दुसरं आपलं काम करत राहतं. पण खरी पंचाईत वेगळीच. पॅनलला ऊन हवं आणि आत झोपणाऱ्यांना सावली. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मुलं दुपारी थांबत नाहीत. म्हणून काही जण टपावर एकच पॅनल ठेवतात आणि दुसरं घडीचं, दहा मीटर वायरीसह, गाडीबाहेर उन्हात मांडतात. कोकणात फिरणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा, असं माझं मत आहे.

पॅनलपेक्षा महत्त्वाची वस्तू मात्र बॉनेटखाली असते. गाडी चालू असताना अल्टरनेटर वीज करतोच; ती मागच्या बॅटरीत नीट भरायला डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. ३० अँपिअरचा चार्जर १५ ते २२ हजारांना पडतो. तो तासाला ४०० वॅट-तास भरतो, म्हणजे तीन तासांच्या प्रवासात १,२००. जवळजवळ एका दिवसाची गरज भागली, तीही भर पावसात. रोज मुक्काम हलवणाऱ्या कुटुंबाला सोलरपेक्षा हाच जास्त उपयोगाचा. एका जागी तीन-चार दिवस ठाण मांडलं, की पॅनलचं महत्त्व खरं कळतं. वायरमन म्हणेल, "साहेब, साधा रिले टाकतो, हजारात काम होईल." नको म्हणा. बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर व्होल्टेज वर-खाली करत राहतो, त्यामुळे लिथियम बॅटरी पूर्ण भरत नाही. उलट ती एकदम जास्त करंट ओढून अल्टरनेटर जाळू शकते.

सगळ्यात जास्त पैसा बॅटरीत जातो आणि जायलाच हवा. इन्व्हर्टरवाली १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी १३ ते १७ हजारांत मिळते, त्यामुळे मोह होतो. पण तिच्यातली निम्मीच वीज वापरायची असते, वजन पन्नास किलोच्या पुढे, आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. ज्या बंद डब्यात मुलं झोपतात तिथे ती नको. लिथियम फेरोफॉस्फेटची २०० अँपिअर-तासाची बॅटरी ४५ ते ६५ हजारांना येते. तिच्यात अडीच युनिटं असतात, त्यातली दोन निर्धास्त वापरता येतात. म्हणजे ढगाळ दीड दिवस निघाला. एकच पथ्य, शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. स्पितीला किंवा लडाखला थंडीत जाणार असाल, तर बॅटरी खाली चेसिसला न लावता केबिनच्या आत ठेवा, आणि कमी तापमानाला चार्जिंग आपोआप तोडणारा बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं तिला सांभाळणारं सर्किट, मागा.

बीएमएसचा आकडाही लिहून घ्या. १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर बारा व्होल्टच्या बॅटरीतून नव्वदच्या पुढे अँपिअर ओढतो. बॅटरीतला बीएमएस १०० अँपिअरचा असेल, तर मिक्सर सुरू होताना सगळी गाडी अंधारात जाते. १५० चा घ्या. कमी दर्जाचे सेल भरलेल्या बॅटऱ्याही बाजारात आहेत, तेव्हा पैसे देण्याआधी चाचणी मागायला लाजू नका. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून २०० वॅटचे बल्ब पेटवले, तर दहा-अकरा तास चालायला हवेत. सात तासांत विझले तर नमस्कार करून दुकानातून बाहेर पडा.

पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसणारा चार्ज कंट्रोलर ४० अँपिअरचा एमपीपीटी प्रकारचा घ्या, ८ ते १२ हजार. दीड हजारात मिळणाऱ्या डब्यावर एमपीपीटी छापलेलं असलं तरी आत बहुधा साधा, कमी कार्यक्षम पीडब्ल्यूएम कंट्रोलर असतो. प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर ९ ते १४ हजार. पंखे, दिवे, पंप, फ्रिज सगळं बारा व्होल्टवरच ठेवलं तर इन्व्हर्टर दिवसातून थोडा वेळच लागतो आणि त्यात वाया जाणारी दहा-पंधरा टक्के वीज वाचते.

वायरीत काटकसर करणारा माणूस पुढे काय करील सांगता येत नाही. बॅटरी ते इन्व्हर्टर ही तांब्याची केबल निदान २५ स्क्वेअर एमएमची हवी, ३५ ची असेल तर उत्तम, आणि लांबी मीटरभरापेक्षा जास्त नको. बॅटरीच्या धन टर्मिनलपासून वीतभर अंतरावर फ्यूज असलाच पाहिजे. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात. आग मात्र लागते. वायरी, फ्यूज, आयसोलेटर, ब्रॅकेट, पीयू सीलंट मिळून १० ते १५ हजार आणि मजुरी ८ ते १२ हजार. पॅनल नुसत्या टेपवर चिकटवून देणाऱ्याला आधी एक्सप्रेस वेवरच्या वाऱ्याची आठवण करून द्या.

सगळं जोडलं तर १ लाख १० हजार ते १ लाख ६० हजार. फ्रिज वेगळा, २५ ते ४५ हजार. भाव ढोबळ आहेत, ब्रँड आणि शहराप्रमाणे हलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, बॅटरीवर मात्र १८ टक्केच आहे. कोटेशनमध्ये हे दोन्ही वेगळे लिहून मागा. फ्रिज आणि इन्व्हर्टर नको असेल, तर २०० वॅटचं पॅनल आणि १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी यांत चाळीस-पंचेचाळीस हजारांत पंखे, दिवे आणि फोन भागतात.

एसीचं स्वप्न असेल तर आकडे बघा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रीच्या आठ तासांत पाच-सहा युनिटं खातो. त्यासाठी आपण घेतल्यासारख्या तीन बॅटऱ्या आणि टपावर मावणार नाहीत इतकी पॅनलं लागतील. ज्याला एसी हवा त्याने रात्री होमस्टेच्या १६ अँपिअरच्या प्लगला गाडी लावावी आणि मालकाला विजेचे पैसे द्यावेत.

सबसिडीची आशा कुणी दाखवली तर भुलू नका. पीएम सूर्यघर योजनेतले ७८ हजारांपर्यंतचे पैसे ग्रिडला जोडलेल्या घराच्या छतासाठी आहेत, गाडीच्या टपासाठी नाहीत. गाडीत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, आणि कॅराव्हॅनच्या बांधणीसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. बदललेली गाडी विमा कंपनीला कळवली नसेल, तर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा पुढे येतो. पॅनलसह नवीन उंची मोजून डॅशबोर्डवर लिहून ठेवा, हॉटेलांच्या पार्किंगचे अडसर तुमची वाट बघत असतात.

वर्षातून आठ-दहा दिवसच बाहेर पडणाऱ्या आणि रात्री होमस्टेलाच थांबणाऱ्या कुटुंबाने दीड लाख घालू नये. १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी, डीसी-टू-डीसी चार्जर आणि प्लगवर चालणारा चांगला चार्जर एवढ्यावर काम भागतं. पॅनलं नंतरही लावता येतात; फक्त टपापासून बॅटरीपर्यंतची वायर फर्निचर बसवण्याआधीच आतून ओढून घ्या.